आबांचा पांढरा तेरडा

"पळ! भेसळ न्हाई खपायची हितं!" असं ओरडत मधमाश्यांवर पंचा फिरवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या वलवणच्या आळीत होता. त्यांना सगळे आबा म्हणत.

आबांच्या अंगणात दुहेरी पाकळ्यांचा पांढराशुभ्र तेरडा होता. बी बायकोनं माहेराहून, कान्ह्याहून आणलेलं. ती गेली, त्या साली तिनं ठेवलेलंच बी त्यांनी पेरलं. "तिच्या हातचं एवढंच उरलंय," म्हणताना पंचा डोळ्यांकडे जाई. तेरडा दर साली मरतो. बी जपलं तरच पुढचं फूल. आणि डोंगरभर गुलाबी रानतेरडा. मधमाशीला दोन्ही सारखेच.

म्हणून आबा कळ्यांना धोतराच्या चिंध्या बांधत. सगळ्या फुलांची दाढ दुखतेय असं वाटे. पण गौरी गेल्या की चिंध्या सोडत आणि नंतरच्या उघड्या फुलांचं बी धरत. त्याच साली मी म्हणालो, "आबा, माशीनं केलेलं यंदाच्या फुलात दिसत नाही. ते बियात जातं, पुढच्या साली दिसतं."

"फूल पांढरं, तर बी कसं बाटंल? चाळीस वर्सं न्हाई बाटलं. शाळेत शिकवा ते, मास्तर."

पुढच्या भाद्रपदात सबंध वाफा गुलाबी. आळी पोट धरून हसली, मीही हसलो. आबा मात्र वाफ्यात बसूनच राहिले. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नवं बी मागायला त्यांना कान्ह्याला घेऊन गेलो.

मेहुण्यानं अंगणात फरशी घातली होती. "बी आमचं न्हवंच, दाजी. अक्का बौद्धवस्तीतल्या मैत्रिणीकडनं न्यायची."

आबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या वस्तीत त्यांनी जन्मात घोटभर पाणी घेतलं नव्हतं. पण गेले.

मैत्रिणीच्या दारात पांढरा तेरडा डुलत होता. ती हसली. "आबा, तुमचं बी दर साली बिघडायचं. हितं रानतेरडा न्हाई, म्हनून ती हितनं न्यायची आन् गपचूप डब्यातलं बदलायची. म्हनायची, त्यांना सांगू नगं, भेसळ खपत न्हाई त्यांना. च्या ठेवू?"

आबांनी तेरड्याकडे पाहिलं. "ठेव," म्हणाले. दोन कप प्याले, बी घेतलं.

ज्येष्ठात पेरलं आणि आषाढात आबा गेले. भाद्रपदात वाफा पांढराशुभ्र. कान्ह्याची ती बाई बघायला आली. दोरीवरचा आबांचा पंचा फाडून एकेका कळीला चिंधी बांधू लागली.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"आसू द्या, मास्तर. भेसळ खपत न्हाई त्यांना."

एक कळी मात्र तिनं माशीसाठी उघडीच ठेवली.