आईच्या गाडीचा पिवळा दिवा

आमच्या घरात वादाला बंदी नव्हती, पुराव्याशिवाय बोलायला होती. बाबांची अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं हेच माझं बालवाङ्मय. इतर मुलं चांदोबाची गाणी म्हणत होती तेव्हा मी अंगात येणं म्हणजे काय यावरचं पत्रक बोट ठेवून वाचत होते, आणि पंधराव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं लिहिलं. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये माणसांपेक्षा पत्रकं जास्त झाली, तेव्हा त्यांचे गठ्ठे खाली पार्किंगमध्ये, गाडीपुढच्या भिंतीला लावून रचले. रचणारे बाबा आणि मी.

गाडी आईची. अठरा वर्षांची, छोटी, रंग उडालेली. वारणानगरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आईनं गाडी शिकायचं ठरवलं आणि ही आधीच जुनी झालेली गाडी घेतली. तोवर कुठंही जायचं तर ती बाबांच्या मागं स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसायची. आता शाळेतल्या चार मैत्रिणींना घेऊन ती नृसिंहवाडीला जायची. देवळात जायची नाही, आमच्या घरात ते नाही. मैत्रिणी दर्शन घ्यायच्या, आई तेवढ्या वेळात बासुंदी.

एका मंगळवारी इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेना. गाडीला दम लागायला लागला. बाबा म्हणाले, वय झालं तिचं, आता मोडीत काढू. त्यांनी एका भंगारवाल्याशी बोलणंही केलं. तो सोमवारी न्यायला येणार होता.

"वय माझंबी झालंय की," आई म्हणाली. "मला कुठं घालवणार मग? रविवारी मी वाडीला जातो, ह्याच गाडीतनं."

म्हणजे हातात चार दिवस. त्यात कारण सापडलं नाही तर आई परत स्कूटरच्या मागं.

मी आईच्या बाजूनं उभी राहिले, पण माझ्या पद्धतीनं. मला खात्री होती की हा दिवा म्हणजे जुन्या गाड्या लोकांनी टाकाव्यात म्हणून कंपन्यांनी घातलेली भीती आहे. 'दिव्याची दहशत' अशा मथळ्याचं पत्रक मी रात्रीत लिहूनही काढलं. सकाळी पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट केलं, कारण ते सैल असलं तरी दिवा लागतो असं वाचलं होतं. मग बॅटरीची वायर काढून थोड्या वेळानं परत लावली. दिवा गेला. मी जिन्यातून ओरडतच वर आले. आईनं मला पेढा दिला. संध्याकाळी ती भाजी आणायला गेली आणि दिवा घेऊन परत आली.

शुक्रवारी आम्ही तिघं उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडं गेलो. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल. बाबांनी प्रास्ताविक सुरू केलं तसं त्यानं मध्येच विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

"ही," बाबा म्हणाले.

"मग पावणं, तुमी जरा चा घ्या. मी मावशींसंगं बोलतो."

बाबांना असं कुणी बसवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मेस्त्रींची रीतच ती होती: आधी चालवणाऱ्याला विचारायचं, मग मशिनला. दिवा एकसारखा जळतो की लुकलुकतो? आई म्हणाली, एकसारखा. धूर? मागून काळा. दम कधी लागतो? चढाला, दुसऱ्या गियरला, आणि एसी लावला की जास्त. तिनं एकही उत्तर अंदाजानं दिलं नाही. तीस वर्षं मुलांच्या अंगावरचे पुरळ आणि गैरहजेरीची कारणं तिनं अशीच लक्षात ठेवली होती. मेस्त्रींनीही तिला नीट समजावलं, पिवळा एकसारखा जळत असला तर हळू चालवत आणून दाखवायचा, लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्यायची, आणि तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला तर तिथंच इंजिन बंद. आईनं ते त्यांना मोठ्यानं म्हणून दाखवलं.

मग त्यांनी विचारलं की दिवा मध्ये कधी विझला होता का. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी बॅटरीचं सांगितलं.

"ताई," मेस्त्री म्हणाले, "ताप उतरवाय थर्मामीटर फोडलासा व्हय?"

चहाच्या टपरीवरून बाबांचं हसणं ऐकू आलं.

मेस्त्रींनी स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला, पाहिलं, मान हलवली. पेट्रोल जास्त, हवा कमी. काळा धूर, चढाला दम, सगळं त्यातच बसत होतं. बॉनेट उघडून त्यांनी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सोडल्या, झाकण उचललं आणि नुसतं आईकडं वळून बघितलं.

आत घुशीचं नाहीतर उंदराचं घरटं होतं. राहणारा निघून गेला होता, संसार मागं ठेवून. कापूस नाही, गवत नाही, निव्वळ कागद. बारीक कुरतडलेला, मऊ, फिल्टरवर गच्च दाबलेला. गुलाबी कागद माझ्या पत्रकाचा, पिवळा बाबांचा. मेस्त्रींनी चिमटीनं एक तुकडा उचलला आणि वाचला, "'मागे कारण असते.' ह्ये कुणाचं?"

ते माझं होतं. पंधराव्या वर्षीचं, पहिलं.

आई हसायला लागली ती गाडीला धरून खाली बसली. मग मेस्त्री, मग टपरीवरून येऊन वाकून बघणारे बाबा, शेवटी मी. मेस्त्रींनी डबा झटकला, नवा फिल्टर बसवला, कुरतडलेली एक वायर टेपनं गुंडाळली आणि स्कॅनरनं बिघाडाची जुनी नोंद पुसून टाकली. या वेळी पुसायला हरकत नव्हती. बाबांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "आमचीच चूक होती."

शनिवारी बाबा आणि मी सगळे गठ्ठे चौथ्या मजल्यावर, आमच्या फ्लॅटमध्ये वाहून नेले. 'दिव्याची दहशत' मी फाडलं. कंपन्यांबद्दल मला अजून संशय आहे, पण पुरावा मिळाल्यावर लिहीन.

रविवारी एक मैत्रीण आली नाही, म्हणून बाबांना जागा मिळाली, मागं, दोघींच्या मध्ये. पुढं आईशेजारी तिसरी. वाडीच्या रस्त्याला उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता आणि थोडा चढ. आईनं दुसरा गियर टाकला, हॉर्न वाजवला आणि त्याला मागं टाकलं. बाबांनी पुढच्या सीटला घट्ट धरलं होतं. हे सगळं मला आईनंच संध्याकाळी सांगितलं, बासुंदीचा डबा टेबलावर ठेवत. दिवा लागला का, असं मी विचारलं.

"बघायला सवड कुठं होती," ती म्हणाली, आणि लगेच, शिक्षिकाच ती, "न्हाय. चार वेळा बघितलं. लागला न्हाय."