उड्या न मारणारे बेडूक

जूचंद्रच्या शाळेत खेळ शिकवणारी हेमांगी चिडली की गावची बोली बोलते. गॅदरिंगच्या आधी ती दिवसभर गावचीच बोली बोलत होती.

मी जन्मभर रंगभूमीवर नाचलो, आपटलो, उठलो. आता गुडघे रुसलेत. तरी मुख्याध्यापिका आशालताबाईंनी दुसरीच्या मुलांचा नाच बसवायला बोलावलं, आणि नाकात जुना रंगाचा वास शिरला. गेलो. नाच बेडकांचा होता. तालमीसाठी हेमांगीचा खेळाचा तास घेतला गेला.

हेमांगी गावातल्याच शेतकरी शत्रुघ्न भोईरांची लेक. भातशेतीचे बांध ओलांडत वाढली, पुढे जिल्ह्याकडून कबड्डी खेळली. त्या शेतांवर इमारती उठल्या आणि तिथली मुलं तिच्या हाताखाली आली. लिफ्टने खाली, रिक्षाने शाळेत. चेंडू आला की डोळे मिटून तोंड फिरवणारी. लंगडीत उचललेला पाय हाताने धरणारी. उडी मारली तर गुडघे ताठ ठेवून टाचांवर आदळणारी. हेमांगी खडूने रेषा काढून त्यांना शिकवत होती. बाकीच्यांना जमू लागलं. सुरुची नावाची एक मुलगी तेवढी रेषेपाशी थिजायची.

"पन आता गुडघे वाकवते ती," हेमांगी मला म्हणाली. "थोडे दिवस मिळाले ना काका, उडेल बघा."

नेमके तेच दिवस तालमीत गेले. पहिल्याच तालमीत बेडूक एकमेकांवर पडले. आशालताबाई धावत आल्या.

"काका, उड्या काढून टाका. हात हलवले तरी पुरे."

"बाई, बेडूक आहेत हो ते!"

"असू देत. व्हिडिओत चेहरे दिसले की पालक खूश."

"निम्मा वेळ मला द्या, मी शिकवते," हेमांगी म्हणाली.

"आणि कोणी पडलं तर? पालक माझ्या केबिनमध्ये येतात, तुझ्याकडे नाही."

"पडू दे की! पडायला पन शिकवते मी!"

मी मध्ये पडलो. म्हटलं, जिन्यावरून गडगडत येण्यावर मी वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्या, तेही कुणीतरी शिकवलंच होतं. बाई हसल्या, आणि उड्या गेल्या.

मग मीच तालमीचा निम्मा वेळ गुपचूप हेमांगीला दिला. सुरुची रेषेपाशी झुलू लागली, एकदा टाचा उचलल्या. तेवढ्यात एका आईचा फोन आला: गणवेशाला माती कशी लागली? निम्मा वेळही गेला.

गॅदरिंगला हिरवे बेडूक जागच्या जागी उभे राहून हात हलवत होते. मोबाइल उंचावले, टाळ्या पडल्या. मला लाज वाटली.

नाच संपला. फळ्यांच्या बुटक्या मंचावरून मुलं उतरू लागली. सुरुची कडेला थांबली. हेमांगी खाली समोर उभी राहिली, हात पसरून.

"वाक. आता सोड स्वतःला. मी हाय."

सुरुचीने गुडघे वाकवले. टाचा उचलल्या.

आणि तिच्या वडिलांनी, जितेंद्ररावांनी, बाजूने येऊन तिला अलगद उचललं. "अहो टीचर, पडली असती ना ती!"

"उडी मारत होती ती!" हेमांगी ओरडली.

"हो का? घरी मारेल हं," म्हणत ते लेकीला कडेवर घेऊन फोटो काढायला गेले.

हेमांगी तडक आशालताबाईंपुढे उभी राहिली. "बाई, सोमवारपासून माझा तास मला परत."

"सोमवारी बक्षीस समारंभाची तालीम आहे गं," बाई म्हणाल्या. "मुलांना रांगेत उभं राहायला शिकव."