पाठ फिरवून बोललो तो दिवस

२०२३ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं आणि गुडघे सोडले तर सगळं शाबूत होतं. आमच्या लालबागच्या चाळीतनं दसऱ्यानंतर दरवर्षी म्हाताऱ्यांची भटकंती निघते. पहाटे बसनं मावळात जायचं, तीन-चार गावांतनं चालायचं, वाटेत एखादं जुनं देऊळ, एखादा किल्ला बघायचा, संध्याकाळी परत. ही भटकंती आधी मी काढायचो. गेली तीन वर्षं तळमजल्यावरच्या घरातली सून काढते. ती बँकेत कामाला आहे, मोबाइलात नकाशा बघून चालते. मी चौथी पास. मी पायांना विचारून चालतो. तेव्हा आमचं फारसं जमायचं नाही.

माझ्याबरोबर माझा दोस्त होता. गिरणीत आमचे साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, शेजारी-शेजारी होती. साचेखात्यात इतका आवाज की तोंडाजवळ कान नेला तरी बोललेलं कळायचं नाही. आम्ही ओठ वाचायचो आणि हातांनी बोलायचो. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीवरनं बोट फिरवलं की मुकादम आला. दोन मुठी छातीशी आवळल्या की बंद ठेव, हलू नको. गिरणी गेली, माझा एक कान गेला, त्याचे दोन्ही गेले.

बसपाशी त्याची बायको आली होती. म्हणाली, "भावोजी, ह्यांनी कानातलं मशीन घरीच ठेवलंय. खाज येते म्हणे. आणि साखरेची गोळी घेतलीय, अकराला काहीतरी पोटात जायला हवं. नाहीतर चक्कर येते. तुमच्या भरवशावर पाठवतेय."

"वहिनी, नेतोय तसाच आणून देतो," मी म्हटलं आणि त्याचा डबा माझ्या पिशवीत घातला. त्याला ओझं नको म्हणून. तेवढं एक काम मी चांगल्या मनानं केलं आणि तेच नडलं.

पहिल्या दोन गावांपर्यंत सगळं झकास. भात पिवळं पडायला लागलं होतं, बांधावरनं एकामागं एक चाललो होतो. टेकडी चढायची, उतरायची, खाली ओढा, परत टेकडी. दुसऱ्या गावाबाहेर मारुतीच्या देवळापाशी वाट फुटते. तिथं नवा फलक लावलाय. बाण उजवीकडं, वर लिहिलंय, किल्ल्याकडे.

मी म्हटलं, "डावीकडनं चला. जवळ पडतं."

सूनबाई म्हणाली, "काका, ती वाट बंद झालीय. गावातल्यांनी आत्ताच सांगितलं."

"गावातल्यांना काय विचारतेस? तू जन्मायच्या आधी मी ही वाट तुडवलीय."

"असेल काका. पण सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरलंय ना?"

"मग या सगळे माझ्यामागं."

कुणी आलं नाही. एक तेवढा दोस्त आला. त्यानं आमचं बोलणं ऐकलंच नव्हतं. मी निघालो म्हणून तो निघाला, चाळीस वर्षांची सवय. सूनबाईनं मागनं हाक मारली ती मला चांगली ऐकू आली. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

अर्ध्या तासानं वाट एका भिंतीला जाऊन धडकली. कुणा पैसेवाल्याचं फार्महाऊस, वर काचा लावलेल्या. माझी वाट त्या भिंतीच्या आत गेली होती. भिंतीकडेनं थोडं चाललो. तिथं झाडाखाली जुना वीरगळ पडला होता, कुण्या लढवय्याच्या नावानं कोरलेला दगड. त्याच्या शेजारी दोस्त टेकला. ऊन चढलं होतं. मी भिंतीकडं बघत, वाट शोधत म्हटलं, "मी पुढं बघून येतो. तू हलू नको." आणि गेलो.

पुढं नुसती कारवीची झुडपं, डोक्याइतकी उंच. घासत, ओरबाडत गेलो, वाट काही सापडेना. तासाभरानं परत आलो तर दगडापाशी दोस्त नाही.

हाका मारल्या. मग माझं मलाच लक्षात आलं की हाका कुणाला मारतोय! फोनला रेंज नाही, आणि असती तरी त्याला घंटी कुठली ऐकू येणार? घड्याळात पावणेबारा झाले होते. डबा माझ्या पाठीवर. तो कुठंतरी कारवीत चक्कर येऊन पडला असेल तर दोन हातांवरनं जाऊनसुद्धा मला दिसायचा नाही, आणि माझी हाक त्याला पोचायची नाही.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो होतो. साचेखात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे: पाठ फिरवून बोलायचं नाही. तोंड दिसलं तर शब्द पोचला. मी स्वतः कितीजणांना यावरनं शिव्या घातल्या असतील. आणि आज भिंतीकडं तोंड करून मी त्याला सांगितलं, हलू नको. त्याला काय दिसलं? माझी पाठ, लांब जाणारी.

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण त्या पडलेल्या दगडाला हात लावला आणि म्हटलं, याला सापडू दे, पुढच्या वर्षी मी गपगुमान सगळ्यांच्या मागनं चालेन.

कारवी तुडवत चढावर गेलो. पुढं घळ होती, खोल. पलीकडच्या उतारावर किल्ल्याची वाट, कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं, आणि टाक्याशी पांढरी टोपी घातलेला माणूस उभा. टोपी ओळखली. दोन्ही हात हलवले. त्यानं बघितलं. मी मुठी छातीशी आवळल्या. बंद ठेव, हलू नको.

त्यानं मिशीवरनं बोट फिरवलं आणि माझ्याकडं केलं. म्हणजे, आला मोठा मुकादम. मग पोटावर हात फिरवला. डबा कुठाय?

हसू आणि रडू एकदम आलं. चाळीस वर्षांनी त्या घळीच्या दोन बाजूंना आम्ही शेजारच्या साच्यांवरचे झालो होतो. त्यानं हातानं दाखवलं, डावीकडं ये. खाली उतर. तिथं नको, दगड सुटलेत. आता वर. त्याच्या हाताकडं बघत मी घळ उतरलो आणि चढलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या सांगण्यावरनं चाललो असेन.

पोचलो तसा तो ओरडला. बहिऱ्याचं बोलणं, तेही मालवणी, अख्ख्या डोंगराला ऐकू गेलं असेल. "खंय गेलंलंस रे मेल्या?"

मी तोंड नीट त्याच्याकडं केलं. "तू का हललास?"

"माका वाटला तू मुतूक गेलंस! माणसान किती वेळ बघूचा? मगे मी मागे फिरलंय, देवळाकडलो बोर्ड वाचलंय नि बाणान दाखवला तसो इलंय." तो सातवी शिकलेला. "हरवलंस तू. वर माकाच विचारतंस! भाकरी काढ आधी."

मी डबा काढला, झाकण त्यानंच उघडलं. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तो खात होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो होतो. दुसरा घास, तिसरा घास. ओठांवर रंग आला. टाक्यातलं गार पाणी तोंडावर मारलं तेव्हा कुठं माझा श्वास जागेवर आला.

किल्ल्याच्या दरवाजात बाकीचे थांबले होते. सूनबाई धावत आली. मी तोंड उघडायच्या आत दोस्तच म्हणाला, "मीच चुकलंय. ह्यो माका शोधूक गेल्लो." ती मला म्हणाली, "बरं झालं काका, तुम्ही होतात." मी ते तसंच चालवून घेतलं. बुरूज बघितले, फोटोत उभा राहिलो, सगळं केलं. चाळीत वहिनींनी विचारलं, "आणलंत ना नीट?" "आणला," म्हटलं. तो सुखरूप होता, मन हलकं झालं होतं, पण तो एक शब्द खोटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच्या दारात गेलो. तो चहा पीत होता, कानात मशीन. वहिनी ओट्याकडं तोंड करून घावणे घालत होत्या. मी त्याच्यासमोर उभा राहून नुसते ओठ हलवले: काल मी चुकलो. त्यानं वाचलं. मग बोट कानाला लावलं आणि हात वर केला. मोठ्यानं बोल.

मी बोललो. "वहिनी, काल हा चुकला नव्हता. मी पाठ फिरवून बोललो. हरवलो मी होतो, आणि यानं मला आणलं."

वहिनींनी एकदा माझ्याकडं बघितलं, घावणा ताटलीत टाकून पुढं केला आणि परत तव्याकडं वळल्या. मी तो उभ्यानंच खाल्ला, जिना उतरून तळमजल्यावर गेलो आणि पर्स खांद्याला अडकवून बँकेत निघालेल्या सूनबाईला दारात थांबवून, तिच्याकडं तोंड करून, तेच परत सांगितलं.