करपलेले जव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. फार मोठं काही नाही, असं स्वतःला समजावत आलो — मग इतकी वर्षं लपवलं कशाला?

एकोणनव्वदच्या सुमारास मी जळगावजवळच्या एका छोट्या बिअर कारखान्यात चव तपासायच्या कामावर होतो. आम्ही काळी बिअरही करायचो. तिचा काळेपणा जवाच्या भाजणीतून येतो. थोडे भाजले तर पोळीच्या पापुद्र्याची चव, आणखी भाजले तर काकवीची, त्याहून पुढे कोऱ्या कॉफीची — जिभेवर कडवट, गिळल्यावर किंचित गोड. आणि त्यापुढे अर्ध्या मिनिटात नुसती राख. ते अर्धं मिनिट ओळखणारा माणूस आमच्याकडे एकच — नाना. धुळ्यात फुटाणे भाजण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. नुसत्या वासावर ड्रम उतरवायचे. तरी नियम असा, की मी दाणे चावून सही केल्यावरच जव दळायला जायचे. ज्या दिवशी दाणे चाखायचे, त्या दिवशी मिरची, कांदा, लसूण मला वर्ज्य.

अशाच एका दिवशी दुपारी मेहरूणकडच्या मळ्यात मित्रांची भरीत पार्टी होती. मी कोरडी पुरी चघळत बसलो होतो.

"साहेबनी जीभ काचनी शे का रे भो?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तेवढ्यावरून खाल्लं — भरीत, वर कांद्याची पात, ठेचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

परतलो तेव्हा नाना घमेलं घेऊन उभे. "साहेब, आज ड्रम अडकना. जव जास्ती करपनात. नीट चाखी दखा, मंगच सही करा." ड्रम अडकून जव जास्तच करपले होते, म्हणून ते बजावत होते.

मी चावले. जीभ बधिर. काहीच कळलं नाही — आणि कळत नाहीये, एवढं म्हणता आलं नसतं का? "नाना, तुम्हाला उगाच वाटतं," म्हणालो आणि सही केली.

अख्खी टाकी राखेसारखी कडू निघाली. गटारात सोडावी लागली. मालकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं — नाना काही बोलले होते? मी म्हणालो, नाही.

नाना माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता बोलतील.  करपल्याचं लपवलंत, उद्यापासून येऊ नका, असं मालकांनी सांगितल्यावर नानांनी हातातलं फडकं घडी करून ड्रमवर ठेवलं, आणि गेले.

पुढे कधीतरी धुळ्याच्या बाजारात त्यांची भट्टी दिसली. मी वळणार, तोच त्यांनी ओळखलं. गरम फुटाणे माझ्या तळहातावर ठेवले. "चाखी दखा, साहेब." टोमणा होता? की नुसती सवय? खरपूस होते. तेवढंही मी बोललो नाही.

भरताची बोलावणी नंतरही आली. मी गेलो नाही. हळूहळू यायची थांबली.

नाना आता नाहीत. मालक आहेत, त्याच गावात आहेत. "नानांनी मला सांगितलं होतं" — हे त्यांच्यासमोर म्हणणं माझ्याकडे अजून बाकी आहे.