पालकांच्या संमतीने नाव कमी

दावं आमच्याच शेळीचं होतं. गुरुजींनी सांगितलं आणि बानं घरून आणून दिलं. एक टोक माझ्या उजव्या पायाला, दुसरं टेबलाच्या पायाला. मी चौथीत होते.

"आता बसेल जागेवर," गुरुजी म्हणाले.

पोरं हसली. बा दारात उभा होता, टोपी हातात घेऊन. तोही थोडा हसला, गुरुजींकडं बघून. ते हसणं छडीपेक्षा लागलं.

माझा गुन्हा एवढाच की मला बसवत नव्हतं. पाढे सुरू झाले की अंगात मुंग्या यायच्या. रस्त्यानं उसाची गाडी गेली की डोळे तिच्यामागं. पाटी फुटायची, पेन्सिल हरवायची. गुरुजींचा प्रश्न संपायच्या आत उत्तर तोंडातून बाहेर. पुष्कळदा बरोबर. तरी छडी.

आई म्हणायची, "पायाला भिंगरी बांधूनच जन्मलीया." देवऋष्याकडं नेलं. अंगारा लावला. भिंगरी थांबली नाही.

वर्गात माझ्यासारखा अजून एक होता. मालकांचा बाळासाहेब. कडेगावच्या अंगाला मालकांचा ऊस होता, बा त्या उसाला पाणी पाजायचा. गुरुजी मूळचे वाईचे, राहायला मालकांच्याच माडीवर. बाळासाहेब खिडकीवर चढायचा, पुस्तकं फाडायचा. गुरुजी म्हणायचे, "चुणचुणीत आहे. रक्तच तसं." मालकांनी त्याला सांगलीच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, थोडं शिकवा, थोडं मोकळं सोडा. गुरुजी तसंच करायचे. घटकाभर धडा झाला की, "बाळासाहेब, मैदानाला एक चक्कर मारून या."

पुढं लोक मला सांगायला लागले, त्या काळात असलं दुखणं कुणाला ठाऊक होतं? नाव ठाऊक नव्हतं. कसं वागायचं ते ठाऊक होतं. एका पोरापुरतं.

दावं महिनाभर राहिलं. घोट्यावर वळ उठला. एकदा लघवीला लागली. मी बोट वर केलं.

"धडा संपू दे."

धडा संपला नाही. परकर भिजला, खालची जमीन भिजली. पोरी पाय आखडून बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी हलले नाही. गुरुजी म्हणाले, "बघा, जमतंय की!"

मग एक दिवस त्यांनी बाला परत बोलावलं. टेबलावर कागद तयार. शाईचं पॅड उघडलेलं. मी तिथंच, बांधलेली.

"अंगठा लाव."

बानं हात पुढं केला. मी विचारलं, "आवं गुरुजी, त्यात काय लिवलंय?"

"तुला काय करायचंय?"

"माझ्यावरच लिवलंय नव्हं? मग वाचा."

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. "मंदबुद्धी. शिक्षणास अपात्र. पालकांच्या संमतीने नाव कमी."

बानं माझ्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं. "पण गुरुजी, हिला पाढं येत्यात की. तिसापतूर म्हनती."

"मालकांशी बोललोय मी. तू अंगठा लाव."

"लावू नगं, बा."

मालकांचं नाव निघालं होतं. बानं अंगठा लावला. निळं बोट धोतराला पुसलं आणि मान खाली घालून उभा राहिला. गुरुजींनी खाली वाकून दावं सोडलं. "जा. आता हवी तेवढी पळ."

मी पळाले नाही. घरी गेले. रात्री जेवले नाही.

सकाळी पाटी घेतली आणि शाळेत गेले. आत नाही. व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना धरून उभी. आत पाढा चालू होता. मी बाहेरून म्हणायला लागले. सगळ्यात मोठ्यानं.

गुरुजी बाहेर आले. "नाव काढलंय तुझं. घरी जा."

"नाव काढलंय. मी हाय."

हातावर छडी बसली. गज सोडला नाही. दुसरी बसली. कुणीतरी शिवारात निरोप दिला असावा. बा धावत आला, चिखलाच्या पायांनी. माझा दंड धरला. "चल पोरी. मालक काम काढून घेतील."

मला त्याची दया आली. तरी म्हणाले, "तू तुझा अंगठा दिलास, बा. माझा न्हाई दिलास."

त्याची पकड ढिली झाली.

बसायला मला जमत नव्हतं. मी उभी राहायचं ठरवलं. उद्या, परवा, नाव परत लागेपर्यंत.