वस्तादांचा नवा खुबा

आमच्या इंदापूरच्या तालमीतले वस्ताद कुणाशीही बोलताना आधी त्याच्या पायांकडे बघतात, मग तोंडाकडे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना आखाड्यात उतरायची बंदी केली होती. ती उठवून घ्यायला ते मला घेऊन बारामतीला गेले.

डॉक्टरांनी त्यांना कॉटवर झोपवलं, तळपायाला हात लावला आणि म्हणाले, "आबा, आता जोर लावून मला ढकला."

वस्तादांनी सवयीनं दुसऱ्या मांडीवर शड्डू ठोकला. मी "आबा, हळू!" म्हणेपर्यंत डॉक्टर फरशीवर बसलेले होते. नर्स धावत आली. वस्ताद मान लांब करून डॉक्टरांकडे निरखून बघत होते.

"पाठ लागली न्हाय तुमची," ते समजुतीनं म्हणाले. "कुस्ती झाली न्हाय अजून. उठा, धरा परत."