वहिनीचं गाव, कंपनीचं कुलूप

दादाचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. "तुजी वयनी गेली रं," एवढंच तो म्हणाला आणि रिसीव्हर तसाच धरून उभा राहिला. पलीकडची दवाखान्यातली गडबड मला ऐकू येत राहिली. दुपारपर्यंत ती चांगली होती. शाळेत शिकवून आली, चहा केला, थोडा वेळ कॉम्प्युटरपुढे बसली, छातीत जड वाटतंय म्हणाली, आणि दादाने रिक्षा आणेपर्यंत... मी मंगळवार पेठेत घरी पोचलो तेव्हा तिला अजून आणायचं होतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. भारनियमनाची वेळ झाल्यामुळे लाईट नुकतीच गेली होती, आणि आतल्या खोलीतून टीं... टीं... असा आवाज येत होता. "ते घड्याळ बंद करा की कुणीतरी," एक म्हातारी म्हणाली. घड्याळ नव्हतं ते. वहिनीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या यूपीएसची बॅटरी संपत आली होती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही, भीती वाटली. मी आत गेलो. पडद्यावर तिचं गाव उघडंच होतं. नदी, नदीकाठची घरं, वेशीजवळची शाळा, आणि रस्त्यांवरून आपल्याच नादात चालणारी ती इवली इवली माणसं. बाजूला अर्धा कप चहा, त्यावर साय धरलेली. तो जुना डबा असा अचानक बंद पडला असता तर पुन्हा उठेल याचा भरवसा नव्हता, आणि तो उठला नाही तर हे गाव जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. मी गाव साठवून ठेवलं, मशीन घाईघाईने बंद केलं आणि बाहेर माणसांत येऊन बसलो. एका खेळासाठी माणसाने इतकं का घाबरावं, हे कळायला वहिनी माहीत असायला हवी.

ती नेसरीची. लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि आई नसलेल्या आमच्या घरात तिनं आल्या आल्या मला ओळखलं की हा जन्माचा भित्रा आहे. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या दादाने पुढे एका दिवाळीला, नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. सोबत एक पिवळी कॅसेट होती, तिच्यावर '९९९९ खेळ' असं छापलेलं. सगळ्या कोल्हापुरात त्या कॅसेटा होत्या आणि त्यात मूठभर खेळ पुन्हा पुन्हा भरलेत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तक्रार करत नसे. वहिनीनं मात्र सुट्टीत चिकाटीनं बसून ती कॅसेट तपासली. नुसता आकाशाचा रंग बदलून तोच खेळ नवा म्हणून मोजलाय, हे तिच्या लक्षात आलं, आणि संध्याकाळी मला घेऊन ती महाद्वार रोडवरच्या त्या दुकानात गेली. आता भांडण होणार म्हणून मी सायकल घराच्या दिशेनं वळवून बाहेरच उभा राहिलो. दुकानदार हसून म्हणाला की छापलेलं कुणी मोजतं का. त्यावर वहिनीचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "पावणं, डझन अंडी सांगून चार दिली तर तुमी घेशीला व्हय?" त्यानं दोन दुसऱ्या कॅसेटा दिल्या, वर चहाही पाजला. परत येताना ती म्हणाली, "भावजी, पैसं दिल्याव वस्तू आपली. मग भ्यायचं त्येनं, आपण न्हवं."

हे वाक्य तिनं आयुष्यभर वापरलं, आणि मी आयुष्यभर त्याच्या विरुद्ध वागलो.

पुढे मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तिला एक मशीन जुळवून दिलं. तिनं गाव वसवायचा एक खेळ विकत घेतला, तोही अस्सल, खोक्यातला, पावतीसकट. त्या काळात कोल्हापुरात असा खेळ घेणाऱ्याला लोक खुळ्यात काढत. रस्त्यावर सीडीच्या चोरट्या तबकड्या शेंगदाण्यासारख्या विकल्या जात होत्या. वहिनीचं म्हणणं, कुणीतरी डोळे फोडून केलंय, त्याचं त्याला मिळालं पाहिजे. खेळ मशीनवर चढवल्यावर इंटरनेटवरून परदेशातल्या त्या कंपनीची परवानगी घ्यावी लागे. तेव्हा घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून मी सगळा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून दुकानात नेला, कंपनीनं ते मशीन ओळखलं आणि खेळ उघडला. वहिनीनं विचारलं, आपल्याच घरात शिरायला ह्यांना कशापायी विचारायचं? मी हसलो. मला तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

शाळेतून आलं की ती रोज थोडा वेळ त्या गावात असायची. आधी तिनं तिला आठवत होती तशी नेसरी मांडली, मग माहेरची, सासरची, शाळेतली माणसं एकेका घरात बसवली. त्या खेळात घराकडे लक्ष दिलं नाही की ते पडायला येई, आणि पाडून दुसरं बांधणं सोपं असे. तिचे वडील गेले, शाळेतली तिची मैत्रीण गेली, तरी त्यांची घरं ती राखत राहिली. "माणूस गेलं म्हणून घर पाडायचं व्हय?" असं तिनं मलाच उलट विचारलं होतं. माझं घर तिनं मुद्दाम पोलीस चौकीच्या भिंतीला भिंत लावून बांधलं होतं, म्हणजे सवय होईल म्हणे. आणि बंद करायच्या आधी डब्यावर तळहात ठेवून, कोल्हापूरच्या बायका म्हणतात तसं, त्या गावाला "येतो" म्हणायची. दादा बाहेरून ओरडायचा, आता त्या डब्याच्या पायाबी पड.

पाया तर ती पडलीच. खंडेनवमीला दादाच्या लेथला हळदकुंकू लागतं, तसं घरातल्या शिलाई मशीनला, स्कूटरला आणि कॉम्प्युटरला लागलं. पण वहिनीचा हिशोब असा, की डबा म्हणजे नुसती मूठ, खरं हत्यार ती तबकडी. तिनं ती खोक्यातून काढून पाटावर चकचकीत बाजू वर करून ठेवली आणि तिच्यावर ओल्या हळदकुंकवाची बोटं उठवली, वर अक्षता. दसऱ्याला ते वाळलेलं निघेना, तेव्हा तिनं देवाच्या तांब्याला लावतात तशी राख लावून तबकडी घासली. तबकडी लख्ख झाली आणि कायमची आंधळी झाली. मी कपाळाला हात लावला. खेळ मशीनवर चढलेला होता म्हणून चालत राहिला, पण आता तो फक्त त्याच मशीनवर जिवंत होता.

कंपनीला मी कळवलं. उत्तर आलं की तुम्ही खेळ विकत घेतलेलाच नाही, खेळायची परवानगी तेवढी घेतली आहे. तबकडी खराब झाली असेल तर नवा खेळ घ्या. वहिनीचं म्हणणं सरळ होतं. कुंकू मी लावलं, चूक माझी, तबकडीचे पैसे घ्या. पण गाव पुन्हा का विकत घ्यायचं? ती पावती घेऊन ग्राहक मंचात गेली. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, त्यात तिच्या नातेवाइकाच्या दुकानात बेकायदा नकला होतात का तेही तपासावं लागेल, अशी एक ओळ होती. तो नातेवाईक म्हणजे मी. त्या दिवसांत कॉम्प्युटरच्या दुकानांवर धाडी पडत, आणि एकाकडे पडली की गल्लीतली सगळी शटर खाली येत. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली लोकांची मशीनं, त्यांत काय काय भरलंय देव जाणे. माझं जेवण उडालं. दारात कुणी खाकी पँटवाला थांबला तरी माझा हात शटरकडे जायचा, मग तो पोस्टमन का असेना. मी वहिनीला सांगितलं, सोडून दे. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, तक्रार मागे घ्या, याच खेळाची नवी आवृत्ती फुकट देतो. तीत जुनं गाव उघडत नव्हतं. "मला दुसरं गाव नगो," वहिनी म्हणाली, आणि तारखा पडत राहिल्या.

कुलूप तोडायची एक पळवाटही होती. इंटरनेटवर मिळणारी एक छोटी फाईल बसवली की खेळ कंपनीला न विचारता कुठल्याही मशीनवर चाले. पोरं सर्रास वापरत. भीत भीतच मी तिला ते सांगितलं. ती नाराज झाली. "माज्याच घरात मी परड्यातनं का शिरू, भावजी? पुढचं दार माजं हाय." मग मी तो विषय काढला नाही.

वहिनीला घाबरलेलं मी एकदाच पाहिलं. गेल्या वर्षी, घरी इंटरनेट आल्यावर, पडद्यावर कंपनीचा निरोप आला, की हा खेळ जुना झाला असल्यामुळे अमुक तारखेनंतर कुठल्याही मशीनला नवी परवानगी मिळणार नाही. मी तिला अर्थ समजावून सांगितला. "म्हंजे हे मशीन मेलं की गाव मेलं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ती डब्यावर हात ठेवून बसून राहिली... वकिलाला न भिणारी ती बाई त्या दिवसापासून विजेच्या कडकडाटाला भिऊ लागली, लाईट डोळा मारू लागली की उठून उभी राहू लागली. डब्याजवळ केरसुणीसुद्धा जपून फिरायची. मी म्हटलं, मुदत आहे तोवर सगळं नव्या मशीनवर नेऊ. ती म्हणाली, शाळेतल्या पोरांच्या परीक्षा होऊ देत, मग निवांत बघू. परीक्षांच्या आधीच ती गेली. आम्ही तिचं दहावं-तेरावं करत होतो त्याच दिवसांत कंपनीची तारीख येऊन गेली; आमच्यातल्या कुणालाच ती आठवली नाही.

तेराव्यानंतर दादानं मला बोलावलं आणि ते मशीन सुरू करून दाखव म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं त्या पडद्याकडे धड पाहिलं नव्हतं. मी बटण दाबलं. आतून आवाज आला, कट... कट... माझ्या धंद्यात हा आवाज सगळ्यांना ओळखीचा असतो. मरायला टेकलेली हार्ड डिस्क असाच आवाज करते. पडदा काळाच राहिला. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी डॉक्टरसारखा डब्याला कान लावून बसलो होतो. बऱ्याच वेळानं मशीन उठलं. मी ते तसंच व्यवस्थित बंद करून दुकानात नेलं, इन्व्हर्टरवर लावलं आणि आतलं सगळं नव्या मशीनमध्ये उतरवू लागलो. मध्येच ते अडायचं, कटकटायचं, पुन्हा पुढे सरकायचं. नेसरीतलं कुठलं घर अडकलंय, असं काहीतरी वेडंवाकडं मनात येत होतं. शेवटी सगळं उतरलं. नव्या मशीनवर मी खेळ उघडला तर त्यानं परवानगी मागितली, आणि पलीकडे परवानगी द्यायला आता कुणीच नव्हतं.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. मंचात तक्रार अजून चालूच आहे, वकील आहे, नोटिशीतली ती ओळ आहे. आणि वहिनीनं तर स्वच्छ नको म्हटलेलं. मी दादाला दुकानात बोलावून सगळं सांगितलं. तो लेथवरचा माणूस, त्यानं थोडक्यात विचारलं, "घर तिचं. किल्लीवाला पळून गेला. मग कुलूप तोडायला इचारायचं कुणाला?"

"परड्यातनं जायाची न्हाय म्हणत होती ती."

"तिनं नगंच जायाला. आपण जाऊ की."

मी कुलूप तोडलं. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि इतक्या भीतीत मी कधी काही पुरं केलं नव्हतं. गाव उघडलं. त्या दुपारी होतं तसंच, नदीपासून वेशीपर्यंत. दादानं खुर्ची पुढे ओढली. आपलं घर कुठलं, विचारलं. मी दाखवलं, त्याला लागून तिनं दादासाठी एक वर्कशॉप बांधलं होतं, हे मलाही माहीत नव्हतं. त्यानं त्या वर्कशॉपवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "बंद करताना ह्येला काय म्हणायची रं ती?"

मला आठवलं. आणि हेही आठवलं, की त्या दुपारी छातीवर हात ठेवून ती उठली तेव्हा तिनं काही म्हटलं नसणार. नंतर मी ते मशीन घाईत बंद केलं, तेही मुक्यानं. मी दादाला सांगितलं. त्यानं त्याचा तो तेलकट, चरे पडलेला तळहात डब्यावर ठेवला, पडद्याच्या अगदी जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "येतो."

नवं मशीन आता वहिनीच्या खोलीत, तिच्याच टेबलावर आहे. तक्रारीत तिच्या जागी दादाचं नाव लागायचं आहे. तारखेला तो सुट्टी काढून जाणार आहे. संध्याकाळी दुकान बंद करून मी तिकडे जातो, आम्ही पडायला आलेली घरं नीट करतो आणि उठतो. बंद करताना दादा हात ठेवून तो एक शब्द म्हणतो, मग मी बटण दाबतो. उद्या हे उघडेल ना, ही भीती मला रोज वाटते. मात्र आता मी उठून जायला लागलो की मला सोडायला निघालेला दादाही खोलीच्या दारात थांबून, तशाच काळजीनं, एकदा मागे वळून त्या डब्याकडे बघतो.